लेडी डॉक्टर हवी, मग मुलींची शाळा बंद कशी?

डिसेंबर २०२४ चा पहिला आठवडा. काबूल आणि इतर शहरांतल्या खासगी वैद्यकीय संस्थांत नर्सिंग आणि मिडवाईफरी शिकणाऱ्या मुलींना सांगण्यात आलं की उद्यापासून वर्गात येऊ नका. आदेश तोंडी होता. कारण दिलं गेलं नाही, मुदतही सांगितली नाही. कुणाचं शेवटचं सत्र चालू होतं, कुणाची परीक्षा तोंडावर होती. सहावीनंतरची शाळा मुलींसाठी २०२१ पासूनच बंद होती. डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठं बंद झाली. सुईणीचं आणि नर्सचं शिक्षण हा शेवटचा उघडा दरवाजा होता, तोही बंद झाला.

ही बातमी आपल्याकडे दोन दिवस फिरली आणि मागे पडली. काहींनी तालिबानला शिव्या घातल्या, काहींनी हा पाश्चिमात्य मीडियाचा अपप्रचार म्हणून सोडून दिला. दोन्ही बाजूंनी एक साधा प्रश्न मात्र विचारला नाही. ज्या देशात अनेक ठिकाणी पुरुष डॉक्टरने बाईला तपासणं चालत नाही, त्या देशात नवीन महिला डॉक्टर, नर्स आणि सुईण तयारच होणार नसतील, तर उद्या बाळंतपण कोण करणार?

आकडे काय सांगतात

एक लाख जिवंत जन्मांमागे किती आयांचा मृत्यू होतो, यावरून मातामृत्यूचं प्रमाण मोजतात. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी एप्रिल २०२५ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार २०२३ साली जगभरात सुमारे २ लाख ६० हजार स्त्रिया गर्भारपणात, बाळंतपणात किंवा त्यानंतरच्या काही आठवड्यांत दगावल्या. म्हणजे साधारण दर दोन मिनिटांना एक. जगाचं सरासरी प्रमाण १९७ आहे आणि २०३० पर्यंत ते ७० च्या खाली आणायचं ठरलं आहे. सन २००० पासून हे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटलं, ही चांगली बाजू. पण अलीकडच्या वर्षांत घसरणीचा वेग मंदावला आहे, ही काळजीची.

अफगाणिस्तानचं प्रमाण ५२१ आहे. म्हणजे तिथे साधारण १९० बाळंतपणांमागे एक आई जीव गमावते. त्याच अंदाजात भारताचा आकडा ८० आहे.

पण ५२१ हा आकडा एका अर्थाने यशाचाही आहे. २००२ च्या सुमारास झालेल्या एका मोठ्या पाहणीत अफगाणिस्तानातलं प्रमाण १,६०० च्या आसपास निघालं होतं. बदख्शान प्रांतातल्या राघ या डोंगराळ जिल्ह्यात तर ते ६,५०० वर होतं. जगात कुठेही नोंदलेल्या सर्वांत वाईट आकड्यांपैकी तो एक. तिथून ५२१ पर्यंत देश कसा आला, हे समजून घेतलं की आज काय तोडलं जातंय ते कळतं.

गावातली मुलगी, गावाची सुईण

२००२ मध्ये त्या संपूर्ण देशात ५०० सुद्धा प्रशिक्षित मिडवाईफ नव्हत्या. डॉक्टर शहरात, बायका डोंगरात, मधे बर्फ आणि युद्ध. मग एक साधी योजना आखली गेली. गावातलीच मुलगी निवडायची. तिची शिफारस गावातल्या शूराने, म्हणजे वडीलधाऱ्यांच्या पंचायतीने करायची. तिला दीड-दोन वर्षं प्रांताच्या ठिकाणी शिकवायचं, राहण्याची सोय करायची. शिकून झालं की ती गावी परत येणार, हे आधीच ठरलेलं.

या योजनेत पडद्याची चौकट मोडायची गरज पडली नाही. बाळंतिणीजवळ बाईच हवी, ही गावाची अट योजनेनेच मान्य केली होती. दहा-बारा वर्षांत मिडवाईफची संख्या काही हजारांवर गेली. पूर्वी अगदी मोजक्या बाळंतपणांना शिकलेला माणूस हजर असायचा, २०१५ पर्यंत निम्म्या बाळंतपणांना असू लागला. ज्या वडीलधाऱ्यांनी सुरुवातीला कुरकुर केली असेल, त्यांच्याच सुना-नाती या मुलींच्या हातून सुखरूप बाळंत झाल्या.

आता साखळी पाहा. मिडवाईफच्या शिक्षणाला किमान नववी-दहावीपर्यंतचं शिक्षण लागतं. मुलींची शाळा सहावीलाच थांबली, की चार-पाच वर्षांनी प्रवेशाला पात्र मुलीच उरत नाहीत. त्यातून ज्या आधीच पुढे गेल्या होत्या, त्यांचे वर्ग २०२४ मध्ये बंद झाले. आज काम करणाऱ्या सुईणी म्हाताऱ्या होतील, देश सोडतील, आजारी पडतील. त्यांच्या जागी येणारं कुणी नाही. बंदीच्या आधीच देशाला आणखी १८ हजार मिडवाईफ लागतील, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज होता. मुलींच्या शिक्षणावरच्या बंदीमुळे २०२६ पर्यंत मातामृत्यूचा धोका किमान ५० टक्क्यांनी वाढू शकतो, असंही संयुक्त राष्ट्रांच्या महिला संस्थेने म्हटलं आहे.

२०२५ च्या ऑगस्टअखेरीस कुनार प्रांतात भूकंप झाला, दोन हजारांहून जास्त लोक गेले. जखमी बायकांना हात कोण लावणार, हा प्रश्न तिथेही उभा राहिला. महिला आरोग्य कर्मचारी इतक्या कमी होत्या की जागतिक आरोग्य संघटनेला महिलांवरचे प्रवासाचे निर्बंध उठवा म्हणून जाहीर विनंती करावी लागली. भूकंप एकदाच येतो. बाळंतपण मात्र रोज, हजारो घरांत चालू असतं.

आई दगावते ती कशी?

अनेकांना वाटतं की बाळंतपणातला मृत्यू म्हणजे नशीब. पण बहुतेक मृत्यूंची कारणं ठरलेली आहेत आणि त्यांवर इलाजही ठरलेला आहे.

पहिलं आणि सर्वांत मोठं कारण रक्तस्राव. बाळ जन्मल्यावर गर्भपिशवी आकसली नाही, की रक्त वाहतच राहतं. धडधाकट बाईसुद्धा दोन-तीन तासांत हातची जाऊ शकते. जगातल्या मातामृत्यूंपैकी साधारण एक चतुर्थांश याच कारणाने होतात. यावर ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन आहे, पोटावरून गर्भपिशवी चोळणं आहे, सलाईन आहे, रक्त थांबवणारं औषध आहे. २०२३ मध्ये केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि तान्झानिया या देशांत दोन लाखांहून जास्त बाळंतपणांवर एक अभ्यास झाला. बाळंतिणीखाली खुणा केलेली प्लास्टिकची पिशवी ठेवायची, म्हणजे किती रक्त गेलं ते नेमकं दिसतं. ठरावीक खुणेपर्यंत रक्त आलं की वाट न बघता सगळे उपाय एकदम करायचे. एवढ्याने गंभीर रक्तस्राव आणि त्यातून होणारी मोठी गुंतागुंत ६० टक्क्यांनी कमी झाली. यात महागडं मशीन कुठलंच नव्हतं. लागली ती एक पिशवी, थोडी औषधं आणि शिकलेले हात.

दुसरं कारण वाढलेलं ब्लडप्रेशर आणि त्यातून येणारे झटके. त्यावर मॅग्नेशियम सल्फेट हे जुनं, स्वस्त औषध आहे. झटक्यांचा धोका ते निम्म्यावर आणतं. पण आधी कुणीतरी प्रेशर मोजलं पाहिजे. तिसरं कारण जंतुसंसर्ग आणि चौथं म्हणजे बाळ अडणं. तिथे वेळेत सिझेरियन हाच उपाय.

या विषयाच्या अभ्यासकांनी १९९४ मध्ये तीन उशिरांची गोष्ट मांडली. पहिला उशीर घरात, न्यायचं की नाही हे ठरवण्यात. दुसरा रस्त्यात, गाडी आणि अंतराचा. तिसरा दवाखान्यात पोहोचल्यावर, डॉक्टर, रक्त किंवा औषध नसण्याचा. अफगाण बाईसाठी आज हे तिन्ही उशीर वाढले आहेत. महरम सोबत नसेल तर निघता येत नाही, जवळचं केंद्र बंद पडलेलं असतं, आणि पोहोचल्यावर बाई कर्मचारी नसते.

दीन यात कुठे उभा आहे?

आपल्या वाचकांसाठी हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण बंदी दीनच्या नावाने येते.

हदीसमध्ये बाळंतपणात मरण पावलेल्या स्त्रीला शहीदाचा दर्जा सांगितला आहे. ही त्या आईची इज्जत आहे. पण काही लोक याचा अर्थ असा लावतात की हा मृत्यू मोठ्या दर्जाचा, मग त्याची एवढी चिंता कशाला? त्याच हदीसमध्ये प्लेगने मरणारा, बुडून मरणारा, भिंत कोसळून दबणारा यांचाही उल्लेख आहे. म्हणून कुणी पोरांना विहिरीत ढकलतं का? पडकी भिंत तशीच ठेवतं का? प्लेगबाबत तर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी स्पष्ट सांगितलं की साथ असलेल्या भागात जाऊ नका आणि तिथून बाहेरही पडू नका. म्हणजे दर्जा मरणाऱ्याचा, आणि वाचवण्याची जबाबदारी जिवंत असणाऱ्यांची.

कुरआनमध्ये हजरत मरियम (अ.) यांच्या कळांचं वर्णन आहे. त्या वेदनेत त्यांना खायला खजूर आणि प्यायला पाणी मिळण्याची सोय अल्लाहने केली. आई कमजोरीवर कमजोरी सोसून मूल पोटात वाढवते, याची आठवण सूरह लुकमानमध्ये मुलांना करून दिली आहे. गर्भवतीला आणि अंगावर पाजणाऱ्या आईला त्रासाची भीती असेल तर रोजा सोडण्याची सवलत आहे. आईच्या शरीराची एवढी काळजी ज्या दीनने घेतली, त्याच्या नावाने तिच्या उशाशी बसणारी सुईण काढून घेणं कसं जुळतं?

इतिहासही पाहू. हजरत रुफैदा (रजि.) यांचा तंबू मदिनेत जखमींच्या उपचारांसाठी होता आणि खंदकच्या लढाईत जखमी झालेले हजरत सअद (रजि.) यांना तिथे ठेवलं गेलं, असं सीरतच्या ग्रंथांत येतं. इमाम गझाली यांनी वैद्यकशास्त्राला फर्ज-ए-किफाया म्हटलं. म्हणजे समाजातल्या पुरेशा लोकांनी ते शिकलं नाही, तर गुनाह सगळ्यांच्या माथी. बायकांना बाईनेच तपासावं असा आग्रह धरणाऱ्या समाजात पुरेशा बायकांनी वैद्यक शिकणं हे याच हिशेबाने फर्ज ठरतं.

हे आजच्या उलेमांनीही सांगितलं आहे. विद्यापीठबंदी आली तेव्हा अल-अजहरचे प्रमुख इमाम अहमद अल-तय्यब यांनी हा निर्णय शरीअतच्या विरुद्ध असल्याचं जाहीर म्हटलं. इस्लामी सहकार्य संघटनेने उलेमांचं शिष्टमंडळ काबूलला पाठवलं. जानेवारी २०२५ मध्ये इस्लामाबादला मुस्लिम वर्ल्ड लीगच्या पुढाकाराने मुलींच्या शिक्षणावर परिषद झाली, तालिबान सरकारचा प्रतिनिधी तिथे आला नाही. मिडवाईफरीच्या बंदीनंतर क्रिकेटपटू राशिद खान याने इस्लाममधल्या शिक्षणाच्या महत्त्वाचा दाखला देत निर्णयाचा फेरविचार करा, अशी विनंती केली. तो काही पाश्चिमात्य मीडियाचा माणूस नाही, त्याच मातीतला मुलगा आहे.

इतर मुस्लिम देशांनी काय केलं?

इराणने १९८० च्या दशकात गावोगावी आरोग्यघरं उघडली. तिथे गावातलीच शिकवून तयार केलेली माणसं बसवली, त्यांना बेहवर्ज म्हणतात. बायकांसाठी बाई. आज इराणचं मातामृत्यूचं प्रमाण २० च्या आसपास आहे. मलेशियाने खेड्यात प्रशिक्षित सुईणी नेमल्या आणि जुन्या दायांना हाकलून न देता आपल्यासोबत घेतलं. बांगलादेशात १९७० च्या दशकापासून महिला कार्यकर्त्या घरोघरी गेल्या, कारण बायका बाहेर पडत नव्हत्या. पुढे तीन वर्षांचा मिडवाईफरीचा अभ्यासक्रमही सुरू झाला. गरीब, दाट वस्तीचा हा देश आज ११५ वर आला आहे.

हे सगळे मुस्लिम बहुसंख्येचे देश. मार्ग वेगवेगळे, पण प्रत्येक ठिकाणी शिकलेली बाई मधोमध आहे.

दुसरी बाजूही बघायला हवी

सगळा दोष काबूलच्या माथी मारून मोकळं होणं बरोबर नाही. २०२१ पर्यंत अफगाणिस्तानच्या सरकारी खर्चाचा सुमारे तीन चतुर्थांश वाटा परदेशी मदतीतून यायचा. सत्ता बदलली आणि मदत थांबली, देशाच्या मध्यवर्ती बँकेचा अब्जावधी डॉलरचा निधी गोठवला गेला. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने जगभरातली मदत कापली. मार्च २०२५ पर्यंत पैशाअभावी अफगाणिस्तानातली १६७ आरोग्य केंद्रं बंद पडली आणि १६ लाख लोकांचे उपचार तुटले, असं जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं. अफगाण बाईच्या हक्कांवर भाषण द्यायचं आणि तिच्या गावच्या बाळंतपणाच्या खोलीचे पैसे थांबवायचे, हेही पाप आहे.

गाझाचंही तेच. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथे सुमारे ५० हजार गर्भवती होत्या आणि रोज साधारण १८० बाळंतपणं होत होती. दवाखान्यांवर बॉम्ब पडले, भूल न देता सिझेरियन करावं लागल्याच्या बातम्या आल्या. तिथे डॉक्टर होते, सुईणी होत्या, शिकलेल्या मुली होत्या. त्यांच्याकडून दवाखाना, वीज आणि औषध हिसकावलं गेलं. गाझासाठी आपण दुआ करतो, आवाज उठवतो, आणि ते योग्यच आहे. मग अफगाण आईसाठी आवाज उठवताना संकोच का वाटावा? दोन्हीकडे मरते ती आईच.

आपल्या मोहल्ल्यात

आता थोडं घरात डोकावू. भारतातलं चित्र बरंच सुधारलं आहे. २०१८-२० च्या सरकारी आकडेवारीत देशाचं प्रमाण ९७ होतं, महाराष्ट्राचं ३३, केरळचं १९ आणि आसामचं १९५. महाराष्ट्र पुढे आहे. पण राज्याचा आकडा चांगला म्हणून आपल्या घरातला उशीर आपोआप संपत नाही.

पहिला उशीर आपल्याकडेही आहे. नवरा सौदीला किंवा कतारला, सासरे बाहेर, सासूबाई म्हणतात अजून कळा कच्च्या आहेत. कोकणातल्या कितीतरी घरांत फोन लागेपर्यंत निर्णय होत नाही. हा निर्णय सातव्या महिन्यातच करून ठेवा. कोणत्या दवाखान्यात जायचं, गाडी कुणाची, रक्त द्यायला कोण येणार, नवरा नसेल तर सही कोण करणार. १०८ नंबर घरातल्या सगळ्यांना पाठ असू द्या. अंगावरून रक्त जाणं, डोकं फार दुखणं आणि डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, झटका, ताप, बाळाची हालचाल मंदावणं, यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहायची नाही. बाळंतपणानंतरचे पहिले २४ तास सर्वांत धोक्याचे असतात, म्हणून टाके पडले नाहीत तरी लगेच घरी जायची घाई नको.

देशात निम्म्याहून जास्त गर्भवतींमध्ये रक्त कमी असतं. ज्या बाईत रक्तच कमी, ती थोडासा रक्तस्रावही सोसू शकत नाही. आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या कपाटात पडून राहतात, त्या पोटात गेल्या पाहिजेत. सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला गर्भवतींची मोफत तपासणी होते, तिथे जायला लाज कसली? रोज्याबद्दल डॉक्टरांचा सल्ला घ्या आणि मसअला आपल्या आलिमांना विचारा. सवलत अल्लाहने दिली आहे, ती नाकारून बाळाला आणि आईला धोक्यात घालू नका.

आणि आता शीर्षकातला प्रश्न. आपल्यातल्या बहुतेकांना सुनेच्या बाळंतपणाला लेडी डॉक्टरच लागते. तालुक्याच्या गावात ती नसेल तर आपण जिल्ह्याला जातो, जास्त पैसे मोजतो. ही अपेक्षा चुकीची नाही. पण आपलीच मुलगी बारावी सायन्सनंतर नर्सिंगला जाते म्हणाली की घरात काय बोललं जातं? नाईट ड्युटी असते, होस्टेलला राहावं लागेल, रिश्ते येणार नाहीत. ए.एन.एम. दोन वर्षांचं, जी.एन.एम. तीन वर्षांचं, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं. एवढ्या काळाची चिंता आपल्याला वाटते. मात्र दुसऱ्याच्या मुलीने ती रात्रपाळी करून आपल्या सुनेला वाचवावं, हे आपण गृहीत धरतो.

हा प्रश्न फक्त मुसलमानांचा कधीच नव्हता. आनंदीबाई जोशी यांचं पहिलं बाळ जन्मानंतर दहा दिवसांत गेलं, तेव्हा त्या जेमतेम चौदा वर्षांच्या होत्या. पुरुष डॉक्टरकडे जायला बायका लाजतात आणि अंगावर दुखणं काढतात, हे त्यांनी पाहिलं होतं. म्हणून त्या अमेरिकेला गेल्या आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. तेव्हाच्या पुण्या-कल्याणच्या समाजानेही धर्म बुडाला म्हणूनच ओरड केली होती. आज त्याच महाराष्ट्रात महिला डॉक्टर असणं इतकं साधं झालंय की आपण तिची मागणी करतो.

काबूलचा निर्णय आपण बदलू शकत नाही. त्यावर दुआ करू, बोलू, उलेमांना बोलायला सांगू. पण आपल्या मोहल्ल्यातला निर्णय आपल्याच हातात आहे. मशिदींच्या कमिट्या, जमाती आणि ट्रस्ट दरवर्षी शिष्यवृत्त्या देतात. त्यात नर्सिंग आणि मिडवाईफरीसाठी काही जागा मुलींना राखून ठेवता येतील, जिल्ह्याच्या ठिकाणी त्यांच्या सुरक्षित राहण्याची सोय करता येईल. जुम्याच्या बयानात वर्षातून एकदा तरी गर्भवतीच्या काळजीवर बोललं जाईल. आणि पुढच्या वेळी घरातली मुलगी फॉर्म घेऊन अब्बांसमोर उभी राहील, तेव्हा सही करण्याआधी अब्बांनी एवढंच आठवावं की तिच्या अम्मीच्या बाळंतपणाला त्यांनी कुणाला शोधलं होतं.